डोक्यामागची रेघ

मी एक जुना हातआरसा आहे. शाहूपुरीत आकाराम यांच्या केशकर्तनालयात एका खिळ्याला टांगलेला असतो. केस कापून झाले, की डोक्यामागे धरून गिऱ्हाइकाला मागची बाजू दाखवायची, हे माझं काम. घडवणाऱ्यानं माझी काच अगदी सरळ बसवली होती. मला वाकडं धरायचं ते आकाराम पुढे शिकले.

मित्रांनो, त्याला कारण आमचं नेहमीचं गिऱ्हाईक धैर्यशील. लग्न जमेना म्हणून त्यांनी टकलावर केस रोवून घेतले. त्यासाठी डोक्यामागची कातडीची पट्टी काढली होती, तिथं व्रण राहिला. मागचे केस बोटभर राखा, दिसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यामुळे आकाराम तिथं मशीन लावत नसत, नुसती कात्री हलकेच फिरवत. मग मला उचलत. धैर्यशील डोळे अर्धवट मिटून विचारत, दिसतंय का. आकाराम न्हाय म्हणत आणि मला असा तिरका धरत, की माझ्यात फक्त पंखा दिसावा. ही म्हणे माया. लग्न झालं तरी बायकोला, राजनंदिनीला, धैर्यशीलनी काही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी त्यांचे वडील गणपतराव वारले. दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर आकारामांच्या पेटीतून मीही गेलो. धैर्यशील एकुलते एक, पण डोकं करायला, म्हणजे मुंडनाला, बसेनात. चार केस काढा, बास, म्हणाले. भावकी कुजबुजू लागली. शेवटी आई अंबूबाई सर्वांदेखत म्हणाल्या, "बापापरास केस मोठं झालं व्हय रं?"

ते नदीकडे बघत उभे राहिले. त्यांच्या जागी चुलतभाऊ राजवीर बसला. मला त्या दिवशी त्या तिरक्या धरण्याचा फार राग आला, तो अजून गेलेला नाही.

पुढच्याच आठवड्यात धैर्यशील दुकानात आले आणि सगळ्या डोक्यावर मशीन फिरवा म्हणाले. आकाराम घुटमळले.

"राजनंदिनीला पहिल्यापास्नं म्हाईत हुतं," धैर्यशील म्हणाले. "मला वाईट वाटंल म्हणून बोलली न्हाय."

केस उतरले. आकारामांनी सवयीनं मला तिरका धरला. धैर्यशीलनी मला त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि सरळ धरलं. पाटीवर पेन्सिल ओढावी तशी एक बारीक पांढरी रेघ होती. इतकी वर्षं त्यांनी ती पाहिलीच नव्हती.

"एवढीच व्हय?"

धैर्यशील तसेच आईला डोकं दाखवायला गेले. अंबूबाईंनी पाहिलं आणि त्या भाकरी थापत राहिल्या, असं नंतर कळलं.

मित्रांनो, आम्हा आरशांना पुसत चला, आपटू नका. आणि कुणाची दया आली तरी आम्हाला सरळच धरा. धैर्यशीलचे केस आता पुन्हा बोटभर वाढले आहेत. गणपतरावांचा दहावा मात्र होऊन गेला.