वळणावरची माती

“बुवा, आता जागा उरली नाही हो इथं,” बत्ती म्हणाला. “जरा पुढं घेऊ या का खड्डा?”

बुवांनी फावडं मातीत रोवलं आणि रस्त्याच्या कडेला पडलेल्या हरिणीकडे पाहिलं. अंगावर फारशी जखम नव्हती. कुणी हळूच निजवून ठेवावं तशी ती पडली होती. डोळा मात्र उघडा होता, आणि गाडीच्या टपावरचा पिवळा दिवा त्यात गरगर फिरत होता.

“पुढं सगळा खडक आहे,” बुवा म्हणाले. “आणि गाडी लावायला जागा इथंच. तू तो दिवा बंद कर आधी. डोळ्यात नाचतोय तिच्या.”

“दिवा बंद केला तर मागून येणारा ट्रक आपल्याला तिच्या शेजारीच झोपवेल. मग आपल्यासाठी कोण म्हणणार भजन?”

बत्ती हा रस्ता-देखभालीच्या गाडीचा चालक. भर उन्हातसुद्धा दिवा पेटता ठेवायचा, म्हणून बत्ती. आणि बुवांना बुवा हे नाव त्यानंच पाडलं होतं. रस्त्यावर मेलेलं जनावर उचलणं हे बुवांचं काम. साहेबांचा नियम असा, की उचलायचं, गाडीत टाकायचं आणि डेपोमागच्या चुन्याच्या खड्ड्यात ढकलायचं. मोठं धूड असलं तर बुवांचाही इलाज नसे. पण ससा, कोल्हा, रानमांजर, हरीण यांना चुन्यात लोटायला त्यांचा हात कधी धजला नाही. ते खड्डा खणत, तळाला खडेमीठ पसरत, जनावर ठेवत, वरून पुन्हा मीठ, मग माती. घरच्या माणसाला पोचवावं तसं सगळं रीतसर. शेवटी खिशातली मिठाची एक मूठ ढिगावर सोडायची, टोपी काढायची आणि भजनाची एखादी ओळ म्हणायची. आवाज गोड होता. बत्ती थट्टा करी, पण ओळ सुरू झाली की तोही तंबाखू थुंकून गप्प उभा राही.

त्या दिवशी ओळ संपल्यावर बत्ती म्हणाला, “बुवा, एक बोलू? हे वळण भुकेलं आहे.”

“काहीतरीच बोलू नकोस.”

“काहीतरी कसं? पलीकडे बोगदा बांधला, दोन्ही अंगांना जाळी ठोकली. बाकीच्या रस्त्यावर आता चिमणी मरत नाही. आणि इथं बघा. बांधल्यापासून उलट वाढलंय.”

हे मात्र खरं होतं. वळणाच्या अलीकडे रस्त्याखालून जनावरांसाठी खास बोगदा केला होता. आत माती टाकलेली, तोंडाशी झुडपं लावलेली. रान या रस्त्यानं मधोमध कापलं गेलं तेव्हापासून पाणी एका अंगाला आणि चारा दुसऱ्या अंगाला अशी त्या मुक्या जिवांची फाटाफूट झाली होती. ती जोडायला हा बोगदा. जनावरं जाळीच्या कडेकडेनं चालत येतील आणि खालून सुखानं पलीकडे जातील, असा हिशेब. पण जाळी या वळणाशी थांबत होती. देखभालीच्या गाडीला उतरायला वाट हवी म्हणून.

“तुमची लेक याच रस्त्यानं येते ना?” बत्तीनं विचारलं.

“हो. दिवसपाळी असली की सांजावता येते.”

बत्तीनं रस्त्याकडे पाहिलं. दिवा फिरत राहिला.

लेक शहरातल्या इस्पितळात परिचारिका होती. जावई लांब कामाला, म्हणून बाळंतपण होईस्तोवर ती आईवडिलांकडेच राहत होती आणि स्कूटरनं जाऊन-येऊन करत होती. पाचवा महिना लागला तरी स्कूटर सोडायचं नाव नाही.

“बाबा, बसमध्ये जेवढे धक्के बसतात तेवढ्यात स्कूटरवर दोन बाळंतपणं होतील,” ती म्हणायची.

बुवा रोज सांगत, वळणाशी हळू हो. ती रोज म्हणे, होते. आणि बुवांची बायको मीठ काढायला कोपऱ्यातल्या पोत्याशी वाकली की रोज कुरकुरे, “अहो, आपल्या घरात मीठ आमटीत कमी आणि तुमच्या खिशात जास्त. धुताना हात चरचरतात माझे.”

“पुण्याचं काम आहे गं.”

“पुण्य तुम्हाला, चरचर मला. बरी वाटणी आहे.”

असं हसतखेळत चाललं होतं. पण बुवांच्या मनात बत्तीचं वाक्य काट्यासारखं रुतून बसलं. संध्याकाळी लेकीच्या स्कूटरचा आवाज येईपर्यंत ते दारातून हलत नसत. वळणावर आता कावळे कायमचे बसू लागले होते. काही नसलं तरी बसत. येणार आहे ते ठाऊक असल्यासारखे.

आणि एका संध्याकाळी स्कूटरचा आवाज आलाच नाही. बत्तीची गाडी आली. दिवा बंद होता.

तो दिवा विझलेला पाहूनच बुवा अनवाणी गाडीकडे धावले.

“जिवंत आहे,” बत्ती आधीच म्हणाला. “बुवा, माझ्याकडे बघा. जिवंत आहे. पाय मोडलाय. पोटाला काही नाही म्हणतात. चला. वहिनींना घ्या.”

इस्पितळात लेक तिच्याच वॉर्डात, तिच्याच हातानं रोज चादर घालायची त्या खाटांपैकी एका खाटेवर पडली होती. पाय प्लास्टरमध्ये, गाल खरचटलेला. आईनं तिच्या पोटावर हात ठेवला आणि तो उचललाच नाही.

“ठोके चांगले आहेत गं आई. मी स्वतः ऐकले.”

“तू हळू होतीस ना?” बुवांनी विचारलं.

“हळूच होते, म्हणून तर तुमच्याशी बोलतेय. एकदम अंगावर आली हो हरिणी. मी कडेला घसरले. तिला मागच्या ट्रकनं...” ती थांबली. मग छताकडे बघत बोलू लागली. “एक सांगू का बाबा? मी पडल्या पडल्या बघत होते. हलता येत नव्हतं. तर आणखी दोन होती. एक पिल्लू. ट्रकला घाबरून पळाली, आणि थोड्या वेळानं परत आली. आई मेलेली समोर, मी पडलेली, तरी परत आली. मला वाटलं, आईजवळ आलंय पिल्लू. पण ते आईकडे बघतच नव्हतं. खाली मान घालून माती चाटत होतं. तुमच्या त्या ढिगांची. एकसारखं. गोड असल्यासारखं.”

खोलीत कुणीतरी पाण्याचा नळ सोडला, बंद केला.

बुवांच्या बायकोनं मान वर केली आणि नवऱ्याकडे पाहिलं. एकदाच. तेवढ्यात सगळं बोलून झालं.

“औषधाच्या गुंगीत दिसलं असेल,” ती लेकीला म्हणाली. “नीज आता.”

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर बायकोनं कोपऱ्यातलं पोतं ओढून खोलीच्या मधोमध आणलं. पदराला हात पुसत उभी राहिली.

“हे आता कुठं ठेवू?”

बुवा भिंतीला टेकून बसले होते. इतकी वर्षं. पावसाळे झाले, मीठ विरघळून उतारावर पसरलं, मातीत मुरलं. रानातल्या जिवाला मिठाची किती ओढ असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी घामेजल्या तळव्यावर वासराची जीभ त्यांनीही अनुभवली होती. पण आपण पेरतोय काय, हे त्या हातानं कधी त्या आठवणीला विचारलंच नाही. बिचारी जाळीच्या कडेनं बोगद्याकडेच निघत असतील. वाटेत या मातीचा वास लागे, आणि ती वळत. एक मरे, तिच्यासाठी आणखी मीठ. त्या मिठासाठी आणखी एक.

“मी त्यांना पोचवत होतो गं,” ते म्हणाले.

“हो,” बायको म्हणाली. तिचा आवाज कडू नव्हता. “फार जवळ पोचवलंत.”

त्या विभागाची वनरक्षक एक तरुण बाई होती. बोगद्यात कॅमेरे लावून रोज रिकामे फोटो बघायची आणि रोज वरून बोलणी खायची. बुवांनी तिच्या चौकीवर जाऊन, टोपी हातात धरून, सगळं सांगितलं. तिनं समोरचे रिकामे फोटो बाजूला सारले.

“काका, मी त्या ढिगांवरून शंभरदा गेलेय,” ती म्हणाली. “मला वाटायचं, किती चांगलं करतात हे. वाकून बघितलं नाही कधी.”

“आता काय करायचं, ताई?”

“ती माती काढायची. पार खोल. आणि टाकायची बोगद्याच्या तोंडाशी, दोन्हीकडे. त्यांना जे हवंय ते तिथं मिळू दे. आणि ही जाळीची फट आधी बुजवून मागते मी. तुमच्या गाडीनं उतरायला लांबून यावं.”

“येऊ,” बत्ती दारातून म्हणाला. “जगाला वळसा घालून येऊ.”

माती उपसायचं काम बुवांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. फावडं मारलं की हाडं लागत. बारीक, पांढरी. ज्यांना स्वतःच्या हातानं निजवलं त्यांना पुन्हा उठवायचं होतं. भजनाची ओळ एकदाही ओठांवर आली नाही. बत्ती घमेली भरून नेत होता, आणि त्या सगळ्या दिवसांत त्यानं एकही विनोद केला नाही.

वळणावर मोठा खळगा पडला. तरी जनावरं यायची थांबली नाहीत. जाळी अजून मंजूर व्हायची होती. माती गेली, पण वाट त्यांच्या पायांत राहिली होती. सांज झाली की गवत हलायचं, आणि त्या खळग्याच्या काठावर ती येऊन उभी राहायची. हुंगायची. मग रस्त्याकडे बघायची. बोगद्याच्या तोंडाशी टाकलेली माती जशीच्या तशी होती. तिच्यावर एक खूर उमटला नव्हता.

लेकीच्या पायाचं प्लास्टर सुटलं, बाळंतपण झालं, नातू मांडीवर खेळू लागला. आणि एक दिवस ती म्हणाली, “सोमवारपासून कामावर जाणार.”

“बसनं,” बुवा म्हणाले.

“स्कूटरनं. बसची वेळ जुळत नाही, बाळाला दूध कोण पाजणार?” ती बाळाची टोपी नीट करत होती. मग वर न बघता म्हणाली, “बाबा, मला माहीत आहे.”

बुवांनी मान वर केली.

“आईनं नाही सांगितलं हं. तुमच्या सदऱ्याच्या खिशानं सांगितलं. पाय मोडून घरी पडले होते, घड्या घालत बसायचे. इतकी वर्षं तो खिसा कडक असायचा, आणि एकदम मऊ लागायला लागला.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? तुमचं तोंड बघवत नव्हतं.” आता तिनं वर पाहिलं. “पण एक करा. मी यायच्या वेळेला वळणावर उभे राहा. मला भीती वाटते तिथं. स्कूटरची नाही. त्या पिल्लाची.”

सोमवारी बुवा उन्हं कलताच वळणावर जाऊन उभे राहिले. एका हातात लाल निशाण, दुसऱ्या हातात फावडं. कावळे आपल्या जागी होते. सूर्य खाली गेला, आणि गवत हलू लागलं.

आधी कान दिसले. मग एक हरीण, आता मोठं झालेलं, तरी अंगानं कोवळंच. मागे आणखी दोन. ते खळग्याच्या काठाशी आलं आणि बुवांकडे पाहत थांबलं. पळालं नाही. या माणसाचा वास त्याच्या ओळखीचा होता. या वासाबरोबर नेहमी मीठ येत असे. त्यानं मान लांब केली, अगदी हात पुढं केला असता तर तळव्याला लागली असती.

रस्त्यावर लांब स्कूटरचा दिवा दिसला. त्याच्यामागे ट्रकचे दोन.

बुवांनी फावडं उगारलं आणि कडेच्या लोखंडी कठड्यावर हाणलं. पुन्हा हाणलं. ज्या गळ्यातून आजवर यांच्यासाठी फक्त गोड ओळ निघाली होती, त्यातून त्यांनी अशी काही ओरड काढली की कावळेसुद्धा उठले. “चल! हो तिकडं! मरायला येऊ नकोस पुन्हा माझ्याकडे!”

हरीण दचकून उलटं फिरलं. जाळीच्या कडेनं तिघंही उताराच्या अंधुक उजेडात नाहीशी झाली. स्कूटर आली, जरा हळू झाली. लेकीनं हॉर्न वाजवला, हात केला. मागून ट्रक धडधडत गेला. बुवांनी निशाण खाली केलं.

ते उताराच्या वाटेनं खाली आले. बोगद्याच्या तोंडाशी टाकलेल्या मातीजवळ थोडा वेळ बसले. आत काहीच हललं नाही. घरी जाताना फावडं तिथंच भिंतीला टेकून राहिलं. ते त्यांच्या ध्यानात आलं सकाळी, बत्तीच्या गाडीत बसल्यावर.

सकाळी दूर, पुलाच्या पलीकडे, एक ससा मिळाला होता. तो गोणपाटात गुंडाळून गाडीत ठेवला होता. बुवा फावडं घ्यायला बोगद्याशी उतरले.

फावडं मातीत आडवं पडलं होतं. दांड्याचं जिथं त्यांची मूठ बसते, वर्षानुवर्षांच्या घामानं जे लाकूड काळं पडलं होतं, तेवढंच चाटून चाटून पांढरं झालं होतं. अजून ओलं होतं. भोवती मातीत खूर उमटले होते, आणि ते बोगद्याच्या अंधारात गेले होते. एका दिशेनं.

“मिळालं का, बुवा?” वरून बत्तीनं हाक दिली.

बुवांनी फावडं उचललं. दांडा पुसला नाही. ओल्या जागीच मूठ धरली आणि वर आले.

सशाचा खड्डा त्यांनी त्या दिवशी रस्त्यापासून पार आत, रानात खणला. ससा ठेवला. सवयीनं हात खिशाकडे गेला. खिसा मऊ होता. तो हात त्यांनी तसाच बाहेर काढला, आणि दोन्ही हातांनी माती ओढायला सुरुवात केली.