जास्तीचं तेल

गाडी गल्लीत शिरली ती आचके देतच. आवाजावरूनच यल्लाप्पाने ओळखलं, ही बाळासोची. चार दिवसांपूर्वी त्यानेच तिला नवा एअर फिल्टर बसवला होता.

बाळासो हुपरीचा, चांदीचे पैंजण करणारा. तो उतरला तोच तावातावाने.

"यल्लाप्पा, काय करून ठेवलंईस? गगनबावड्याला निघालतो. मागं म्हातारी आई. चढाला गाडी ओढंचना. ट्रकवालं हॉर्न मारत्यात आन् ही रांगतीया. आईला बहिणीकडं सोडलं आन् तसाच आलोय."

यल्लाप्पाने बॉनेट उघडलं. उद्यमनगरातल्या या गॅरेजात त्याला एकतीस वर्षं झाली होती. कार्बोरेटर तो नुसत्या कानाने लावायचा. पण टर्बोच्या गाड्या आल्या, त्यांच्यात सेन्सर आले, आणि निम्मी गिऱ्हाइकं शोरूमकडे वळली. बाळासो मात्र टिकून होता.

हा फिल्टर कापडी होता, धुऊन पुन्हा वापरायचा. पिकअप वाढतं म्हणून बाळासोने तो ऑनलाइन मागवलेला. सोबत लाल तेलाची बाटली आणि इंग्रजी कागद होता. कागद यल्लाप्पाने वाचला नव्हता, कुणाला वाचायलाही सांगितला नव्हता. जास्त तेलाने मशीन कधी बिघडत नाही, एवढंच त्याला ठाऊक. त्याने फिल्टर चांगला भिजवून काढला होता.

आता तो बाहेर काढताना बोटं लालभडक झाली, आणि तेल जास्त झालं की काय, अशी त्याला शंका आली.

"फिल्टरच भिकार निघाला व्हय?" बाळासोने विचारलं.

यल्लाप्पाने नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

कोपऱ्यातल्या टेबलामागून त्याची मुलगी श्रुती उठून आली. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली. नोकरी लागेपर्यंत गॅरेजचे फोन घ्यायची, पार्ट मागवायची. मला कामाला घ्या, असं तिने तीनदा सांगून पाहिलं होतं. "तुला शिकवलं ते हात काळं करायला न्हाय," हे त्याचं उत्तर ठरलेलं.

"पप्पा, मी बघतो की," ती हळूच म्हणाली.

तो बाजूला सरला. तिने स्कॅनर लावला, पडद्यावरचं वाचलं आणि दोन स्क्रू काढून हवेच्या पाइपातला सेन्सर उजेडात धरला. आतल्या बारीक तारेवर तेलाचा थर चमकत होता.

"टर्बो हवा लई जोरात ओढतोय. जास्तीचं तेल हवेबरोबर उडून हितं बसलं. आत किती हवा येतीया, त्येच गाडीला कळंना झालंय."

"म्हंजे फिल्टर चांगला हाय?"

श्रुतीने बापाकडे पाहिलं. पुढचं तिला सांगता आलं असतं. तिने ते त्याच्यावर सोडलं.

यल्लाप्पाने फडक्याला हात पुसले. "फिल्टर चांगला हाय, बाळासो. तेल मी जास्त घातलं. चूक माझी. आन् शोधली हिनं."

भांडायच्या तयारीने आलेला बाळासो जरा गांगरलाच. "मग आता?" त्याने विचारलं, आणि विचारलं ते श्रुतीला. यल्लाप्पाच्या ते लक्षात आलं. लागलं थोडं, पण वाटलं होतं तेवढं नाही.

"फिल्टर वाळाय येळ लागंल," श्रुती म्हणाली. "जेवूनबिवून या तुम्ही."

तिने तारेला बोट न लावता सेन्सर स्प्रेने धुतला. फिल्टर साबणाच्या पाण्यात बुडवला, आतल्या बाजूने पाणी सोडून निथळला. यल्लाप्पाचा हात सवयीने कॉम्प्रेसरच्या नळीकडे गेला.

"नको पप्पा, कापड फाटतंय."

त्याने नळी परत अडकवली. फिल्टर सावलीत वाळत राहिला. चार वाजता तिने तेलाची बाटली बापाच्याच हातात दिली.

"तुम्हीच घाला. कापडाच्या एकेका घडीला एक बारीक धार."

त्याने एकेक धार ओढली. हात जराही हलला नाही.

"बास," ती म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच. वीस मिनटं थांबायचं. तेल आपापलं पसरतंय."

दोघं चहा पीत बघत बसले. पांढऱ्या जागा हळूहळू गुलाबी झाल्या. दोन ठिकाणं कोरी राहिली, तिने बोट दाखवलं, त्याने तिथे थेंब सोडला.

श्रुतीने फिल्टर बसवून क्लिपा लावल्या. यल्लाप्पाने रबराच्या कडेवरून बोट फिरवलं आणि एका कोपऱ्यात थांबला.

"हितं बसलं न्हाय, बघ. एवढ्या फटीतनं धूळ गेली तरी टर्बोची पाती खाऊन टाकील."

तिने तिथे बोट लावून पाहिलं. पहिल्यांदा तिला काहीच लागेना. त्याने तिचं बोट धरून नेमकं तिथे नेलं. मग तिने क्लिपा काढल्या आणि फिल्टर पुन्हा बसवला.

बाळासो गाडी दूरवर फिरवून आला. न उतरताच म्हणाला, "पळतीया. पुढच्या म्हयन्यात भावाची गाडी लावून देतो. पोरगी असंल न्हवं हितं?"

श्रुती पाने-पकडी पुसत होती. तिचा हात थांबला.

"असंल की," यल्लाप्पा म्हणाला.

संध्याकाळी तो कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. लहान मापाचे हातमोजे मागितले. दुकानदार हसला. "मेस्त्री, पंजा केवढा तुमचा, आन् लहान माप?"

यल्लाप्पाने एक हातमोजा चढवून पाहिला. तो बोटांच्या दुसऱ्या पेरापाशीच अडकला.

"ह्येच द्या," तो म्हणाला. "दोन जोड."