फळीवरची बाई

"काका, तुमच्या कादंबरीतली बायको दार उघडते आणि दार लावते. त्यापेक्षा तिच्या जागी कडीच लिहा ना," वर्ग घेणारी ऋतिका म्हणाली.

कोथरूडच्या सोसायटीतला लेखनवर्ग हसला. वीजमंडळातून निवृत्त झालेले रामदासरावही हसले. आपली कादंबरी आत्मचरित्रात्मक आहे, हे त्यांनी सांगितलं नाही.

"हा व्यायाम करा. नायक घरी नसताना ती काय करते? एक पान. नाहीच जमलं, तर तिला काढून टाका."

घरी येऊन त्यांनी 'ती' असं लिहिलं. पुढे काही सुचेना. शेवटी स्वयंपाकघरात गेले.

"पूर्णिमा, मी घरी नसतो तेव्हा तू काय करतेस?"

"सुखात असते. सरका, मला निघायचंय."

"कुठे?"

"रोज जाते तिथे."

रोज म्हणजे मारुतीच्या देवळात, अशी त्यांची वर्षानुवर्षांची समजूत. आज मात्र ते मागोमाग निघाले. पूर्णिमाबाईंनी मारुतीला चालता चालताच नमस्कार केला आणि त्या महापालिकेच्या पोहण्याच्या तलावात शिरल्या. संध्याकाळी बायको ओल्या केसांनी घरी येते, हे रामदासरावांनी पाहिलं होतं. त्यांनी ते उकाड्यावर घातलं होतं.

"लेडीज बॅच आहे, आजोबा," फाटकावरचा रखवालदार म्हणाला. "पाटी मराठीतच आहे."

ते समोरच्या फुटपाथवर गेले. भिंतीच्या वर फक्त उडी मारायची उंच फळी दिसत होती. तिच्यावर एक बाई चढली. चालताना डावा खांदा किंचित पुढे. घरी जिना उतरताना कठडा न सोडणारी ती बाई फळीच्या टोकाशी उभी राहिली, खाली कुणाला तरी काहीतरी बोलून खळखळून हसली, हात वर नेले आणि झेपावली. क्षणभर ती कशालाच टेकलेली नव्हती.

मग भिंतीआडून पाणी फुटल्याचा आवाज आला, टाळ्या आल्या. "ताई, वन्स मोअर!"

कादंबरीतून एकाला काढावं लागणार होतं, हे रामदासरावांना कळलं. ती बायको नव्हती.

"अजून इथंच?" रखवालदार रस्ता ओलांडून आला.

"माझी बायको आहे ती."

रखवालदाराने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "मग इतके दिवस कुठे होतात?"

तो गेला, आणि आपली खुर्ची घेऊन परतला. "बसा. अजून एक मारतात त्या."

रामदासरावांना बसवेना. वर फळी अजून थरथरत होती.