सावडीतली गोळी

"बघा तुम्हीच," म्हणत डॉक्टर मानसी यांनी मोबाईल प्रतीक्षाच्या पुढ्यात धरला.

दुर्बिणीखाली काढलेला व्हिडिओ होता. दोऱ्याच्या तुकड्यासारखं काहीतरी पडद्यावर वळवळत होतं.

"हे काय आहे?"

"जंत. तुमच्या सासूबाईंच्या बेडक्यात सापडलाय."

प्रतीक्षाला आधी हसूच आलं. जंत काय, शेंबड्या पोरांना होतात आणि शाळेत वाटलेल्या गोळीनं जातात! मग बेडका कुठून येतो हे लक्षात आलं.

"छातीत? जिवंत?"

"हो. भाताच्या खाचरात अनवाणी उभं राहिलं की पायाच्या कातडीतून शिरतो. मग वर्षानुवर्षं आतड्यात पडून राहतो, माणसाला पत्ताही लागत नाही. अंगातली ताकद त्याला दाबून ठेवते. ती ताकद खचली की तो बेसुमार वाढतो आणि अंगभर पसरतो. आजींना कसली गोळी चालू होती?"

प्रतीक्षानं पर्समधून पाकीट काढलं. तीच तर आणायची. ती लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर खोल्या आवरायला जायची. येताना औषधाच्या दुकानात रिकामं पाकीट दाखवलं की नवं मिळायचं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी थोड्याच दिवसांपुरती लिहून दिलेली ही गोळी. पण ती घेतली आणि भामाबाई उठून चालायला लागल्या, यंदा लावणीलासुद्धा उतरल्या! 'सून असावी तर अशी,' अख्खं बेडसे गाव म्हणत होतं. पाकिटं लवकर संपायला लागली तेव्हा प्रतीक्षानं विचारलंही नाही. जास्तीची आणत गेली.

"ही स्टेरॉइडची गोळी आहे, हिनंच ती ताकद खचते," डॉक्टर म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "जंतावरचं औषध सुरू केलंय. पण उशीर झालाय. आजची रात्र महत्त्वाची."

प्रतीक्षा पाकीट पर्समध्ये टाकून खाटेपाशी गेली. भामाबाईंनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क जरासा सरकवला.

"काय म्हनली डाक्टरीन?"

"खाचरातला जंत आहे म्हणाल्या, आत्या. चिखलातला."

"चिखलानं कुनी मरतं व्हय?" भामाबाईंना धाप लागली. "जलम गेला त्यात."

गोळीचं नाव प्रतीक्षाच्या जिभेवर येऊन अडकलं. तिनं मास्क नीट बसवला आणि पांघरुणाबाहेर आलेली, भेगाळलेली पावलं झाकली.

एवढ्यात दारातून आवाज आला.

"भामे! आगं, काय हे सोंग!"

शेजारची रतनबाई होती. दोघींची सावड लग्न होऊन आल्यापासूनची. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. लावणीला मजूर लावायचा नाही आणि बांधावरची भाकरी एकटीनं खायची नाही. रतनबाई फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन तरातरा आत आली. जिना चढून आली होती, तरी हातात काठी नव्हती.

प्रतीक्षा बघतच राहिली. ही बाई मागच्या उन्हाळ्यात उंबरा ओलांडताना कण्हत होती.

"मावशी, काठी कुठंय?"

"काटी? कवाच टाकली!" रतनबाईनं कौतुकानं गुडघ्यावर थाप मारली. "भामीनं गोळी दिली न् पाय मोकळं झालं बघ. तू आनतीस त्यातलीच. सावडीतलं काय एकटीनं खायाचं आसतं का? तुजं लय उपकार हायेत, पोरी."

बोलता बोलता तिला ढास लागली. पदर तोंडाशी धरून ती खोकली आणि हसली.

"हवा बदलली, दुसरं काय न्हाई."

प्रतीक्षानं तिचा दंड धरून तिला स्टुलावर बसवलं.

"मावशी, गोळी तुम्हालाच दिली ना फक्त?"

"मलाच कशी? यंदाची सावड केवढी मोठी व्हती! समद्यांचीच कंबर धरलेली."

"कोण कोण होतं?"

आपलं नाव गावभर झालंय, हेच प्रतीक्षाला ऐकायचं असणार, असं रतनबाईला वाटलं. ती आनंदानं एकेक बोट दुमडत नावं सांगू लागली. एक हात संपला, तशी तिनं मांडीवरची भाकरी बाजूला ठेवली आणि दुसरा हात पुढं केला.