माकुलाचे गोळे

ज्या रविवारी हेमांगी सुर्वेने जपानी गोळे करावयास घेतले, त्या रविवारी तिचे स्वयंपाकघर लांब होऊ लागले. प्रथम ते एका पावलाने वाढले. एक पाऊल कोण मनावर घेतो? तिनेही घेतले नाही.

रत्नागिरीच्या त्या घरी हा बेत ठरला तो केतकीमुळे. केतकी ही तिची कन्या, बारावीत शिकणारी. जपानात हे गोळे रस्त्यावरच्या गाड्यांवर मिळतात, आणि घरी केले तर सारे कुटुंब टेबलाभोवती बसून, मध्ये तवा ठेवून, आपापला गोळा आपणच उलटवते, असे तिने मोबाइलवर पाहिले होते. ते चित्र हेमांगीच्या मनात घर करून बसले. विवाहाला दोन तपे लोटली होती. परंतु आपण केलेला पदार्थ सर्वांच्या पंक्तीला बसून गरम खाण्याचा योग तिला आला नव्हता. तो आज यावा, एवढेच तिला हवे होते.

तयारी तिने जातीने केली. तिकडे गोळ्यांत घालतात तो समुद्रातला आठ पायांचा प्राणी बाजारात मिळेना, तेव्हा त्याच्याच जातकुळीचे माकूल आणून त्याचे तुकडे केले. सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, उकळून त्या पाण्यात मैदा व अंडे कालवले. वर घालण्यास सुक्या बोंबलाचे सुरीने पातळ पापुद्रे काढले. आप्पेपात्र घरचेच होते, आणि उलटवण्यास विणकामाची सुई. विजेची शेगडी तिने जेवणाच्या टेबलावर मांडली.

तिचे यजमान सुधाकर म्हणाले, "हे काय? टेबलावर शेगडी? घर आहे की जत्रा? आत कर, आणि गरम गरम आणून दे."

"अहो, पण हे सगळ्यांनी मिळून..."

"वहिनी, आम्ही हात लावला तर गोळ्यांचं पिठलं होईल," धाकटे दीर नंदकुमार म्हणाले, आणि दोघे बंधू खळखळून हसले.

हेमांगीने शेगडी उचलून आत ओट्यावर नेली.  राग तिने नेहमीच्या सवयीने गिळला.

पहिला घाणा फक्कड उतरला. बोंबलाचे पापुद्रे वाफेवर जिवंत असल्यासारखे हलत होते. तिने ताटली बाहेर नेली.

"आई, तू पण बस ना," केतकी म्हणाली.

"एवढा घाणा उतरला की बसते."

हे शब्द तिच्या मुखातून निघाले मात्र, आणि मागे ओटा सरकल्याचा आवाज झाला. ती परतली तेव्हा तो बराच दूर गेला होता. त्याची भिंत, खिडकी, खिडकीतली तुळस, सगळे त्याच्यासमवेत गेले होते. तिने चालत जाऊन दुसरा घाणा घातला. तो नेताना वाटेत तिला दम लागला.

"कोमट झालेत गं," सुधाकर म्हणाले. "जरा पाय उचल."

तिच्या खुर्चीवर नंदकुमारांनी पाय ठेवले होते.

"आई, बस."

"एवढा घाणा..." ती बोलून गेली, आणि ओटा पुन्हा सरकला.

आता स्वयंपाकघर लांब तर झालेच, वर अरुंदही झाले. दोन्ही भिंती तिच्या कोपरांना घासू लागल्या. भिंतीला लागून एकामागून एक ओटे उभे होते, आणि ते सगळे तिचेच होते. एकावर दिवाळीतले घावन होते, एकावर शिमग्याच्या पुरणपोळ्या, एकावर नणंदेच्या डोहाळेजेवणाचे वडे. प्रत्येक ओट्यावर एक बशी, आणि बशीत शेवटचा, मोडका, गार तुकडा. हेमांगीने ते सगळे ओळखले. ते तिने उभ्याने खाल्ले होते. तरीही ते इथे शिल्लक होते.

तिसऱ्या घाण्याची ताटली डोक्यावर धरून, अंग तिरके करून ती त्या बोळातून सरकत गेली. पोहोचली तेव्हा गोळे दगडासारखे झाले होते.

"हे काय खायचं?" सुधाकर ओरडले. "साधं गरम वाढता येत नाही? केतकी, ऊठ. आईला हातभार लाव."

केतकी उठली. तिचा एक पाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडला, आणि उंबऱ्यापलीकडे, भिंतीला लागून, एक नवा कोरा ओटा उगवू लागला. त्याची उंची केतकीच्या कमरेइतकीच होती.

"पाय मागे घे!" हेमांगी गरजली. तो आवाज तिचा तिलाच अनोळखी होता. "खबरदार उठलीस तर! बस खाली. खा!"

केतकी मटकन खाली बसली. ओटा अर्ध्यावर थांबला.

"अगं, वेड लागलं काय तुला?" सुधाकर म्हणाले.

"लागलं. ज्याला गरम हवं त्याने आत यावं."

"वहिनी, मस्करी होती हो ती..."

"तुम्ही आधी पाय काढा खाली. ती माझी खुर्ची आहे."

नंदकुमारांनी पाय काढले. हेमांगी मात्र बसावयास थांबली नाही. ती त्या बोळातून परत आत चालत गेली. जाताना तिने प्रत्येक बशी हाताने ओट्यावरून खाली ढकलली. बशा फुटत गेल्या, आणि मागे वळून पाहण्याची तिला गरज वाटली नाही. शेवटच्या ओट्यापाशी तिने शेगडी जमिनीवर घेतली, मांडी घातली, आणि खळग्यांत पीठ ओतले. कडा सुटू लागल्या तशी सुई फिरवली. पहिला गोळा तिने तसाच तोंडात टाकला. जीभ पोळली. आतले माकूल मऊ शिजले होते. सोड्यांचा खारट वास नाकात चढला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. ते तिने पुसले नाही.

दूरवर, सुधाकर रिकामी ताटली घेऊन निघाले होते. ते तांदळाच्या दाण्याएवढे दिसत होते.

"हेमांगी! झाला का घाणा?"

 तिने दुसरा गोळा खाल्ला.

"अगं, मी येतोय! थोडे ठेव!"

ते भराभर चालत होते. काचा करकरल्याचे तिला स्पष्ट ऐकू येत होते. तरी त्यांचा आकार दाण्याएवढाच राहिला. हेमांगीने तिसरा गोळा तोंडात घातला, तोंड उघडून वाफ सोडली, आणि त्या वाफेत ते दिसेनासे झाले. पावले मात्र चालतच होती.