भिंतीबाहेरचं टेबल

"बाबा, हे टेबल आहे की होड्यांचा धक्का?" आल्माने कपाळाला हात लावला.

मिनेसोटातल्या तळ्याकाठच्या त्या गावात आल्मा आणि तिचा नवरा एवर्ट यांचं स्वीडिश जेवणाचं हॉटेल दुसऱ्या दिवशी, मिडसमरच्या म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाला, उघडायचं होतं. सगळ्यांनी एकाच टेबलाशी बसायचं, भांडी हातोहात पुढे सरकवायची, अगदी घरच्यासारखं. टेबल करून द्यायचं सासऱ्यांनी, यालमारनी, कबूल केलं होतं. जन्मभर होड्या बांधलेला माणूस तो! वादळात पडलेल्या पाइनची एकसंध फळी निघाली आणि तिला करवत लावायला त्यांचा हात धजेना. आता टेबल खोलीत मावत नव्हतं.

"अर्धं कापून टाका," एवर्ट म्हणाला.

"आधी माझा पाय काप!" म्हातारा गरजला.

आल्माने दोघांकडे पाहिलं, तळ्याकडच्या भिंतीकडे पाहिलं आणि कोपऱ्यातली पहार उचलली. "मग भिंतच कापू या."

सकाळपर्यंत भिंतीला मोठं भगदाड पडलं होतं. अर्धं टेबल घरात, अर्धं आभाळाखाली. गावकरी मजा बघायला जमले. "एवर्ट, पैसे संपले का रे भिंतीचे?" कुणीतरी टोमणा मारलाच. तेवढ्यात रस्त्यावरून जाणारी प्रवाशांची बस थांबली. माणसं फोटो काढायला उतरली आणि मटणाच्या गोळ्यांचा वास येताच बसली जेवायला. बाहेरच्या जागांसाठी तर रेटारेटी झाली.

आल्मा आतल्या टोकाहून एकेक पातेलं पुढे सोडत होती. रश्श्यातले गोळे, उकडलेले बटाटे, लिंगनबेरीचा मुरांबा, सगळं या हातातून त्या हातात जात भिंतीपलीकडे पोचत होतं. "अहो काका, नुसते धरून काय बसलात? पुढे द्या!" शेवटच्या टोकाहून कुणी ओरडलं आणि टेबलभर हशा पिकला.

इतक्यात पावसाची सर आली. आल्माने आभाळाकडे पाहिलं. झालं, आता सगळे उठणार!

"कुणीही उठायचं नाही!" बाहेरच्या टोकाला बसलेली एक जाडगेली बाई पातेल्याचं झाकण डोक्यावर धरून ओरडली. "बटाटे अजून इकडे यायचेत!"

यालमार धावत गेले आणि होडीचं जुनं शीड घेऊन आले. एवर्टने एक टोक छपराला बांधलं, दुसरं सहा अनोळखी माणसांनी उभ्याउभ्या धरलं, पाळीपाळीने जेवत. पाऊस शिडावर ताडताड वाजत होता आणि खाली माणसं गाणी म्हणत होती. आल्मा भगदाडात उभी राहून हसत होती, रडतही होती. हातातला झारा खाली ठेवायचंही तिला सुचेना.

पुढच्या उन्हाळ्यात गाड्यांची रांग चर्चपर्यंत लागली. लांबलांबून आलेले लोक दारातच विचारायचे, "बाहेरची जागा मिळेल का?"

"मिळेल," आल्मा सांगायची, "पण भांडं पुढे सरकवावं लागेल हं!"