कंबरवाल्यांचा बाजार

माझ्या बोलण्याला न भुललेला कारखानदार नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये शोधून दाखवा, असं मी चारचौघांत सांगत असे. आयुष्य मशिनं विकण्यात गेलं माझं. त्यामुळे हमीदा जेव्हा म्हणाली, "योगेशकाका, तुमचा तक्ता जरा बाजूला ठेवू या," तेव्हा माझा पारा चढला.

हमीदा आमच्या कंपनीची मालकीण. वय तिशीच्या आतलं. अंबडला भाड्याच्या गाळ्यात ती रोबोटचे हात बनवते. आमच्या गल्लीत आता हाच उद्योग वाढलाय. एक जण रोबोटची बोटं बनवतो, दुसरा वायरिंग करतो, समोरच्या मजल्यावरची पोरं प्रोग्रॅम लिहितात. पूर्वी इथे नुसते लेथ घरघरायचे. हे सगळं पाहून माझी छाती फुगते, खोटं कशाला बोलू?

पण आमचे सगळे हात मोटारींचे भाग बनवणारा एकच कारखाना घ्यायचा आणि त्याने दिवाळीनंतर खरेदी थांबवली. द्राक्षांचा हंगाम संपायच्या आत नवं गिऱ्हाईक मिळालं नाही, तर गाळ्याला कुलूप लागणार होतं.

म्हणून मी बाजाराचे रीतसर भाग पाडले होते. वाहनं, औषधं, अन्नप्रक्रिया, ओझरच्या विमान कारखान्याला सुटे भाग पुरवणारे. प्रत्येकाला वेगळा रंग. हमीदाने तक्ता पाहिला, छान म्हणाली, बाजूला ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळची गायब व्हायला लागली.

कुठे जायची? तर जुन्या नाशकात, वडिलांकडे. नियाजभाई हाडवैद्य. लचक, उसण, सरकलेलं हाड, सगळं त्यांच्या अंगठ्याखाली ठिकाणावर येतं. त्यांच्या दारातल्या बाकड्यावर पेशंटांच्या मधे बसून ही बाई प्रत्येकाला विचारत होती, काय दुखतं आणि काम काय करता?

मी तिथे जाऊन थडकलोच. "अगं, ही माणसं रोबोट विकत घेणार आहेत का?"

"नाही काका. पण मालकाला विचारलं की तो भाव सांगतो. यांना विचारलं की काम कुठे अडतंय ते कळतं."

मग तिने तिचा बाजार मांडला. ग्राइंडिंग करणारे खांदेवाले. दिवसभर स्क्रू आवळणाऱ्या मनगटवाल्या. आणि सगळ्यात मोठा घोळका कंबरवाल्यांचा, त्यातले बहुतेक पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षांची कॅरेट उचलणारे. हे मला का सुचलं नाही, म्हणून तिचा हेवा वाटला.

त्या कंबरवाल्यांत पुंजा नावाचा हमाल होता. त्याच्या शेठचा पत्ता घेऊन आम्ही एक हात टेम्पोत घातला आणि पिंपळगाव गाठलं.

पॅकहाऊसमध्ये हात चालू झाला. वाकला, कॅरेट अलगद धरलं, वर नेलं, थप्पीवर ठेवलं. एक घड जागचा हलला नाही. पॅकिंग करणाऱ्या बाया काम सोडून बघायला आल्या. शेठ खूश झाले. "लय भारी! आता सांगा, माणसं किती कमी व्हतील?"

सगळ्यांनी ऐकलं. पुंजाने मान खाली घातली. या प्रश्नाचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. त्याच उत्तरावर मशिनं विकली जातात. पण हमीदा आधी बोलली.

"एकही नाही, शेठ. हा नुसता उचलतो. कुठला माल आधी, कुठला मागून, ते याला सांगायला जाणता माणूस लागेल. पुंजाकाकांसारखा."

"मंग घेऊ कशाला? माणूस बी पोसू आन मशीन बी?"

झालं! हातातोंडाशी आलेला घास पोरीने घालवला, असं वाटून मी कपाळाला हात लावला. ती मात्र मागे हटेना. "ऐन हंगामात तुमचे निम्मे हमाल कंबर धरून घरी बसतात. माल पडून राहतो. ते थांबेल."

शेठना राग आला. "कंबर? नखरे हायेत नुसते! याच गावात मी दोन-दोन कॅरेट उचललीत." त्यांनी बाह्या सारल्या, एकावर एक ठेवलेली दोन कॅरेट धरली आणि जोर लावला. छातीपर्यंत आणली. मग "आई गं!" अशी आरोळी आली आणि शेठ तसेच अडकले. पुंजाने झेप घेऊन कॅरेट खाली घेतली आणि शेठना सावरलं. बायांनी पदर तोंडाला लावले.

शेठना सरळ होता येईना. पुंजाच्या खांद्यावर भार टाकून, जमिनीकडे बघतच त्यांनी विचारलं, "पुंजा, तुला बी असंच व्हतं का रं?"

"व्हतं की. दर हंगामाला."

"मंग बोलला का नाय कधी?"

"बोललो असतो तर कामावर ठिवलं असतं का, शेठ?"

बायांनी तोंडावरचे पदर खाली घेतले. मग शेठ वाकलेलेच हमीदाला म्हणाले, "पोरी, ह्यो हात ऱ्हाऊ दे हितंच. आन पयलं पुंजाला त्यो चालवाया शिकीव."